कचऱ्यातली बी.ए.

माझी भाची सुलक्षणा अमेरिकेत कशात डिग्री करणार, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जेवत होतो. हातातला घास ताटात परत ठेवला.

"कचऱ्यात," ती म्हणाली. "शहराच्या कचऱ्यात, मामा."

"अशी डिग्री असते?"

"नसते. म्हणून तर मीच आखणार."

आता सांगा, माणसाचं डोकं फिरेल की नाही? मी शिवदास, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, मुलुंड पूर्वेला राहतो, वय शेहेचाळीस. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो अर्ज मार्गी लावले आणि त्याहून जास्त परत पाठवले. पण विद्यार्थ्यानं स्वतःची डिग्री स्वतःच आखायची, हा प्रकार बापजन्मी ऐकला नव्हता. बरं, आखायची तर आखा. त्यातही कचरा?

मला एवढा राग का आला तेही सांगतो. सुलीची आई सोनूबाई ही माझी थोरली बहीण, मी तिला आक्का म्हणतो. आक्का घाटकोपरला राहते आणि म्युनिसिपालटीत झाडूवाली आहे. आमचा बापही तेच करायचा. माण तालुक्यातून मुंबईला आला, झाडू धरला आणि नोकरीत असतानाच गेला. त्याच्या जागेवर आक्का लागली. तिच्या जिवावर मी शिकलो. सुली चार वर्षांची असताना तिचे वडील वारले, मग आक्काच्याच जिवावर सुलीही शिकली. आमच्या घरातून झाडू जावा म्हणून एवढा आटापिटा केला, आणि ही पोरगी विमानात बसून सातासमुद्रापार जाणार आणि तिथून परत झाडूपाशीच येणार!

सुली तशी लहानपणापासूनच विचित्र. बुटकी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि विचार करायला लागली की पेनाचं टोपण चावायची. सात-आठ वर्षांची असताना सुट्टीत आक्काबरोबर कामावर जायची आणि कुंडीतून औषधाच्या बाटल्या काढून त्यांवरची लेबलं वाचत बसायची. इंग्रजी ती शाळेत कमी आणि तिथं जास्त शिकली. बारावीला सायन्स घेतलं, पण पिशवीत पुस्तकं कामगार कायद्याची. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणते, "मामा, आईच्या हातमोज्यांचा नियम कुठं लिहिलाय ते शोधतेय." पार्ल्याच्या कॉलेजात नलिनीबाई म्हणून तिच्या प्राध्यापक होत्या. त्यांनी तिच्याकडून अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजचा फॉर्म भरून घेतला. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली आणि पोरगी चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये गेली. आम्ही आख्ख्या वस्तीत साखर वाटली. मला वाटलं, चला, सुटलो.

तर तिथं दोन वर्षं झाली की विषय ठरवावा लागतो. यादीतला तयार विषय उचला आणि मोकळे व्हा, हा सरळ रस्ता. दुसरा रस्ता असा, की तुमचा विषय यादीत बसत नसेल तर तुम्ही स्वतः आराखडा लिहायचा. कुठल्या खात्यातला कुठला वर्ग घेणार, का घेणार, त्यातून काय शोधणार. तीन वेगवेगळ्या खात्यांच्या प्राध्यापकांची संमती आणायची, आणि मग पाच जणांची समिती हो किंवा नाही म्हणणार. सुलीला कुजण्याचं रसायनशास्त्र पाहिजे होतं, कामगारांचे कायदे पाहिजे होते, शहरांचा इतिहास पाहिजे होता आणि वर बायकांच्या तोंडची माहिती लिहून घेण्याचं शास्त्र पाहिजे होतं. चारही एकाच डिग्रीत! रसायनवाले म्हणाले, आमच्याकडेच ये ना सरळ. इतिहासवालेही तेच म्हणाले. ही कुणाकडे जाईना. शेवटी तिघांची संमती मिळवली, पण त्यात यादीतला विषय नोंदवायची मुदत टळून गेली.

तिच्याबरोबरच्या अमेरिकन पोरांना घाई नव्हती. एकानं तर आराखडा लिहायला सहा महिने सुट्टी घेतली म्हणे. हिला कुठली सुट्टी? परदेशी विद्यार्थिनी. एक सत्र रिकामं गेलं की व्हिसा गेला. समितीची मंजुरी आली तरच कॉलेज तिसऱ्या वर्षाचा कागद देणार, आणि तो कागद नसला तर मुलगी घाटकोपरला घरी. दोन वर्षं पाण्यात. म्हणजे डिग्री राहिली बाजूला, तिचं परत जाणंच त्या आराखड्यावर लटकलेलं.

वर एक अट. एक सत्र ती मुंबईत राहून प्रत्यक्ष काम करणार होती, तर इथल्या कुणीतरी मार्गदर्शक म्हणून सही द्यायची. शहाऐंशीच्या मे महिन्यात ती सुट्टीवर आली ती ही सही मिळवायला. पंधरा जुलैच्या आत सगळे कागद तिथं पोचायला पाहिजेत.

मी कितीही चिडलो तरी मामा आहे. रजा टाकली आणि फिरलो तिच्याबरोबर. काय सांगू, नाकी नऊ आले! एका कॉलेजात विद्याधर नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक भेटले. कागद वाचून म्हणाले, "यात निम्मं समाजशास्त्र आहे, मी कशी सही करू?" समाजशास्त्रवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, यात तर निम्मं केमिस्ट्री आहे." मी म्हटलं, "मग दोघं मिळून करा ना सही!" बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना पळून जायला सांगितलं. म्युनिसिपालटीच्या वॉर्ड कचेरीत साहेबानं कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, "थ्रू प्रॉपर चॅनल आणा." सुली म्हणाली, "सर, चॅनल कुठलं?" तो म्हणाला, "ते आधी ठरवून आणा."

बाहेर आल्यावर सुली पायरीवर बसली. "मामा, तिथं म्हणतात तुझा विषय एका खात्यात बसत नाही म्हणून तूच आख. इथं म्हणतात एका खात्यात बसत नाही म्हणून चल, फूट."

मला हसू आलं आणि रागही आला. कारण त्या साहेबाच्या खुर्चीत मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. म्हणतोच रोज.

शेवटी आमच्या सोसायटीतले एक निवृत्त इंजिनियर गाठले. भला माणूस, त्यानं चष्मा न लावताच सही दिली. आणि तेवढ्यात सुलीला कावीळ झाली. डोळे पिवळेधम्मक, उठून बसायची ताकद नाही. आराखडा तिनं हातानं लिहून ठेवला होता, टाईप व्हायचा राहिला होता. मी म्हणालो, "शेवटच्या कोऱ्या पानावर खाली सही करून ठेव, मी ऑफिसात टाईप करून पाठवतो. काळजी करू नको." तिनं पडल्या पडल्या सही केली.

आता जे सांगतोय ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो.

दुपारच्या सुट्टीत मी ते कागद वाचायला घेतले. पहिल्याच पानावर लिहिलेलं, "माझी आई रोज सकाळी साडेसहाला घाटकोपरच्या एका रस्त्यावर झाडू मारते. मला जे काही शिकायचं आहे ते तिला आधीच माहीत आहे, पण कुठल्याही पुस्तकात नाही." मग दोन पानं आक्काच आक्का. तिची ढकलगाडी, तिच्या हातावरचा नायटा, मुकादमाची शिवी. माझे कान गरम झाले. शेजारच्या टेबलावरचा जयवंत डबा खाता खाता वाकून बघत होता. मी कागद पालथा घातला. ऑफिसात सगळ्यांना मी सांगितलेलं, बहीण म्युनिसिपालटीच्या आरोग्य खात्यात आहे.

मी विचार केला, हे काय रडगाणं? परदेशी लोकांसमोर घरची लक्तरं कशाला? अर्ज कसा पाहिजे, मुद्देसूद, भारदस्त. सव्वीस वर्षं मसुदे लिहितोय मी, माझ्या मसुद्यावर साहेबानं कधी लाल रेघ मारलेली नाही. दोन्ही पानं काढली. विषयाचं नाव 'कचरा' होतं ते 'नागरी स्वच्छता व्यवस्थापन' केलं. सुरुवातीला "अर्जदार एका प्रतिष्ठित व सुशिक्षित कुटुंबातील आहे" असं वाक्य घातलं. अकरा मुद्दे पाडले, क्रमांक दिले. इंजिनियरसाहेबांची पदवी ठळक टाईप केली. शेवटी सुलीचं सहीचं पान जोडलं आणि रजिस्टर पोस्टानं पाठवून दिलं. घरी येऊन म्हणालो, "झकास काम झालं, सुले. तू फक्त बरी हो." खरं सांगतो, त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. सुली तेव्हा हिंडतीफिरती झाली होती. मी घाटकोपरला त्यांच्याकडेच होतो. तिनं उभ्यानंच पाकीट फोडलं, वाचलं, आणि खाली बसली.

"नाही म्हणाले."

"काय? कसे नाही म्हणतील? अकरा मुद्दे होते!"

तिनं मान वर केली. "कुठले अकरा मुद्दे?"

समितीनं लिहिलं होतं, की आराखडा व्यवस्थित आहे, पण असा व्यवस्थापनाचा विषय पुष्कळ ठिकाणी तयार मिळतो, त्यासाठी वेगळी डिग्री आखायचं कारण दिसत नाही. मार्गदर्शकानं कचऱ्याचं काम कधी केल्याचं दिसत नाही. आणि शेवटी, "एप्रिलमध्ये विषय मांडताना तुम्ही आम्हाला तुमच्या आईबद्दल जे वाचून दाखवलंत ते यात का नाही?" अठ्ठावीस ऑगस्टला शेवटची बैठक. तोवर सुधारून पाठवलं तर बघू, नाहीतर तिसऱ्या वर्षाचा कागद निघणार नाही.

"मामा, ऑफिस कॉपी आहे?"

असणारच. कार्बन कॉपी ठेवल्याशिवाय मी कुठलाही कागद सोडत नाही. माझ्या बॅगेतच होती. तिनं ती वाचली. पान उलटलं, परत पहिल्या पानावर आली.

"हे मी लिहिलेलं नाही."

"अगं, नीट करून दिलं मी..."

"आई कुठाय यात?"

मी ओरडलो. दोषी माणूस आधी ओरडतो, हे मी ऑफिसात रोज बघतो. म्हणालो, "तुला काय कळतं गं! त्या झाडूतून बाहेर पडायला आमची हाडं झिजली. तुला चांगलं नाव लावून दिलं तर तू तोच कचरा उकरतेस! प्रतिष्ठा म्हणून काही असते की नाही?"

"माझी सही घेतली होतीत तुम्ही मामा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "विश्वासानं दिली होती. वाट लावलीत माझी."

तेवढ्यात आक्का कामावरून आली. दारात पाय धुतले, आत आली, आमची तोंडं बघितली. सुलीनं तिला सगळं सांगितलं. माझी बाजू मी सांगायला लागलो तर आक्का म्हणाली, "थांब तू." मग सुलीला विचारलं, "त्येंला काय पायजे? मला ठावं हाय ते?"

"हो."

"मग मी सांगते की. शिवा, रविवारी तुझं मशीन घिऊन ये. आन् ह्या वक्ताला ती सांगंल तेवढंच बडवायचं. तुझं डोकं घरी ठिवून ये."

दहा ऑगस्टला रविवार होता. माझा पोर्टेबल टाईपरायटर घेऊन गेलो. आक्का भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसली. ती मराठीत सांगणार, सुली त्याचं इंग्रजी करणार, मी टाईप करणार. मी मुंडी खाली घालून बसलो.

आणि आक्का सांगायला लागली. बाप रे! सव्वीस वर्षं मी फायली बघतो, पण एवढी माहिती एका माणसाकडे एकत्र बघितली नाही. श्रावण लागला की हाडं बंद, केळीची सालं दुप्पट. कुठल्या इमारतीत कुणाला साखरेचा आजार झाला ते तिला त्या घरच्यांच्या आधी कळतं, कारण कुंडीत सुया-सिरिंजा दिसतात. ओला कचरा तीन दिवस हलवला नाही तर आतून तापतो, हात घातला की चटका बसतो, आणि तापला की वास बदलतो. तो वास आला की त्याचं खत चांगलं होतं. कापूस कुठल्या दवाखान्याचा आणि कुठल्या घरचा, ते रंगावरून. फुटकी काच कागदात गुंडाळून टाकणारी आख्ख्या रस्त्यावर दोनच घरं, त्यांची आडनावंसुद्धा तिनं सांगितली. सुली मध्येच थांबायची, "आई, चटका म्हणजे किती?" आक्का म्हणायची, "चा गाळल्यावं भांडं धरतो तेवढा." सुली टोपण चावत तेच इंग्रजीत सांगायची आणि मी बडवायचो.

मार्गदर्शकाच्या रकान्यापाशी आलो. सुली म्हणाली, "सोनूबाई." मी टाईप केलं.

"हुद्दा?"

"सफाई कामगार. एकतीस वर्षांचा अनुभव."

तेही केलं. हात जड झाला होता, पण केलं.

मग सुलीनं विचारलं, "आई, तू कामाला लागलीस तो पहिला दिवस सांग."

आक्कानं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "म्या अठरा वर्साची हुते. बा गेल्याला महिना झाला हुता. सकाळी झाडू घिऊन निगाले. शिवाची शाळा त्याच रस्त्याला. आमी दोगं संगंच निगायचो घरनं, पर नाक्यावं आलो की शिवा दहा पावलं म्होरं चालायचा. शाळंची पोरं बगतील म्हनून. मला कळायचं. मग म्याच चाल कमी करायची, म्हंजी त्याला पळावं लागू नये."

टाईपरायटर थांबला होता.

एकतीस वर्षं मला वाटत होतं तिला माहीत नाही. एकतीस वर्षं! माझ्या डोळ्यांसमोरचा कागद दिसेना. सुलीनं ते इंग्रजीत सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द. मी म्हणालो, "सुले, हेही घालायचं?"

"आई जे म्हणाली ते, मामा."

"आक्का, मी तेव्हा पंधरा वर्षांचा..."

"मग म्या कुटं कायी म्हनाले?" आक्का म्हणाली. "पोरगी इचारती, म्या सांगती. बडव."

बडवलं. दोनदा चुकलो, दोनदा पान बदललं. शेवटी आक्कानं सही केली. साक्षरता वर्गात शिकलेली, शिरोरेघ आधी ओढून मग खाली अक्षरं टांगत जाते. सोमवारी सकाळी मी स्वतः पोस्टात उभा राहिलो. कागदात एक काना-मात्रा इकडचा तिकडं केला नव्हता.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तार आली. वस्तीत तार नीट पोचेल याचा भरवसा नव्हता म्हणून पत्ता माझ्या ऑफिसचा दिला होता. मंजूर. कागद मागून येत आहे. मी खुर्चीतून उठलोच. "झालं! पोरीचं काम झालं!"

सगळे टेबलाभोवती जमले. जयवंतनं पाठीवर थाप मारली. "झकास रे शिवदास! कशात करतेय डिग्री?"

माझं तोंड उघडलं. देवाशपथ सांगतो, मला खरं बोलायचं होतं. सगळं तोंडाशी आलेलं.

"पर्यावरणात," मी म्हणालो.

"वा वा! फॉरेनला फार स्कोप आहे त्याला."

माझी मलाच इतकी चीड आली, की वाटलं टेबलावर डोकं आपटावं. पण हसत उभा राहिलो. हात मिळवले. संध्याकाळी पेढे घेतले आणि घाटकोपरला गेलो.

सुली मला मिठी मारून नाचली. मग तार घेऊन नलिनीबाईंना फोन करायला कोपऱ्यावर पळाली. आक्कानं पेढ्याचा पुडा सोडला, एक पेढा बापाच्या फोटोपुढं ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"हापिसात समद्यास्नी सांगितलं?"

"सांगितलं."

"कशाची डिगरी, त्ये इचारलं आसंल."

"विचारलं ना."

"काय म्हनालास?"

"कचऱ्याची म्हणालो," मी म्हणालो. "म्हणालो, माझ्या बहिणीच्या कामाची."

आक्कानं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग पुड्यातला एक पेढा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "पोरीला न्हाई सांगत म्या."